झाकलेल्या खिडकीचं वर्णन

मॅडम बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. त्याच्या कानाच्या पलीकडे, खांद्याच्या जरा वर कुठेतरी त्यांची नजर असे. बाई शिष्ट आहे, असं नाशकात त्यांच्याबद्दल बोललं जायचं, त्याचं निम्मं कारण हेच. मी त्यांच्या ऑफिसात नोकरी मागायला गेले तेव्हा मलाही तसंच वाटलं. गंगापूर रोडला एका बेकरीच्या वर त्यांचं एका खोलीचं ऑफिस होतं. खालून पावाचा वास येत होता आणि मॅडम माझ्या डाव्या कानाशी बोलत होत्या.

"शिक्षण?"

"बी. कॉम. शाळा इंग्लिश मीडियम."

"शाळा मी विचारली नव्हती, पण बरं झालं सांगितलंस. एकोणसाठ म्हणजे किती?"

मराठी आकडे मला चाळीसपर्यंत येतात, पुढे सगळं धुकं आहे.

"फिफ्टी नाईन," मॅडमनी स्वतःच सांगितलं. "मला इंग्रजी येतं, पण माझं इंग्रजी गोऱ्या माणसाला कळत नाही. तुझं कळेल. मी सांगायचं, तू बोलायचं."

"मी फार बोलत नाही, मॅडम."

"उत्तम. फार बोलणाऱ्या मुली मी ठेवतच नाही."

त्या दिवसापासून मी 'इंग्लिश मीडियम' झाले. माझं खरं नाव त्यांनी हजेरी सोडून कधी घेतलं असेल असं मला आठवत नाही. "ए इंग्लिश मीडियम, हे वाच." "इंग्लिश मीडियम, कोण आलंय बघ." दारात माणूस उभा असायचा, मॅडमच्या अगदी समोर, तरी 'कोण आलंय' मला विचारलं जायचं. मला तो मालकीणपणाचा तोरा वाटायचा.

मॅडम नाशिक रोडच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी टूर न्यायला सुरुवात केली. वर्षातून एकच, उन्हाळ्यात, युरोपची. जाहिरात नाही, सवलत नाही. माणसं त्या स्वतः निवडायच्या आणि नाकारायच्याही. "पहिलाच प्रश्न जेवणाचा विचारणाऱ्याला मी नेत नाही," असं त्या तोंडावर सांगत. तरी टूर भरायची. एवढं सगळं तुम्हाला पाठ कसं, असं कोणी कौतुकानं विचारलं की म्हणायच्या, "युरोपचं हवामान पोरांना शिकवलं तेव्हा मी भुसावळच्या पुढे गेले नव्हते. भूगोलाच्या बाईला न बघितलेलं सांगता आलं पाहिजे. बघून कोणीही सांगेल."

लोक हसायचे. मीही हसायचे.

निघण्याआधी सगळ्यांची बैठक गच्चीवर व्हायची. बाकीचे टूरवाले अशा बैठकीत व्हिसा आणि स्वेटर यांबद्दल बोलतात. मॅडमनी सगळ्यांना उभं केलं.

"नमस्कार करा. हात डोक्याच्या वर. आता बोटांची टोकं जुळलेली राहू द्या आणि तळवे एकमेकांपासून लांब न्या. काय झालं?"

"खोपटं," कोणीतरी म्हणालं.

"गॉथिक कमान. गोल कमान वजनानं बाजूला फाकते, टोकदार कमान वजन खाली पायात सोडते. म्हणून त्या लोकांना इतकं उंच जाता आलं. हात खाली. आता मला एक भिंत पाहिजे."

भिंत म्हणून त्यांनी प्रेसवाल्या काकांना निवडलं. हे काका नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. छापून आलेल्या कागदातले दोष शोधायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. रेघ तुटली, रंग सरकला, ठिपका जास्त पडला, की तो कागद बाजूला. उंच, सडपातळ, आणि कुठल्याही गोष्टीकडे बघताना मान जरा तिरकी करणारे. टेकू म्हणून दिंडोरीचे अण्णा निवडले गेले. अण्णांची द्राक्षाची बाग, दणकट शरीर, डोक्यावर कायम एक भगव्या रंगाची कॅप.

"ही भिंत उंच आहे, वरच्या छताच्या वजनानं बाहेर कलंडायला बघतेय," मॅडम म्हणाल्या. "अण्णा, तुम्ही चार हात लांब उभं राहून तिला हात लावून धरायचं. बाहेरचा टेकू. बाकीच्यांनी भिंतीला आतून ढकला."

"धरू का पडू देऊ?" अण्णांनी विचारलं.

"धरा. कित्येक शतकं धरायचंय."

"बरं झालं," प्रेसवाल्या काकांची बायको ढकलता ढकलता म्हणाली, "इतकी वर्षं मी एकटीच ढकलत होते."

सगळे हसून गच्चीवर खाली बसले. भिंत तेवढी हसली नाही. काका कपडे झटकत म्हणाले, "मॅडम, टेकूचा पाया किती खोल असतो ते तुम्ही सांगितलं नाही."

"बघायला चाललोय आपण, बांधायला नाही," मॅडम काकांच्या खांद्यावरून आकाशाकडे बघत म्हणाल्या. काकांची मान तिरकी झाली. त्यांना पहिला ठिपका तिथेच दिसला असणार.

मला दिसला तो टूरच्या तिसऱ्या सकाळी, हॉटेलच्या खोलीत. मॅडम आणि मी एकाच खोलीत होतो. त्यांनी बेसिनजवळची ट्यूब उचलली, ब्रशवर पिळली आणि दात घासू लागल्या. ती ट्यूब माझ्या हाताला लावायच्या क्रीमची होती. मी टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिले. मॅडमचा ब्रश थांबला. त्यांनी शांतपणे चूळ भरली, पुन्हा भरली, आणि आरशाकडे तोंड करून विचारलं, "कळलं ना?"

मी टॉवेल पुढे केला.

"दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचं मधलं गेलंय," त्या म्हणाल्या. "कडेचं शिल्लक आहे. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तुझ्या तोंडाच्या जागी राखाडी गोळा असतो. तुझ्या बाजूला बघितलं की तू थोडीशी दिसतेस. डोकं, ओढणी, असं."

"घरी माहीत आहे?"

"मुलीला माहीत आहे. ती म्हणते आराम कर. डॉक्टर म्हणतात आराम करा. आराम करून काय बघू?" त्यांनी क्रीमची ट्यूब चाचपून माझ्या बाजूला ठेवली. "हे बघ, माझी माणसं माझ्या मागे येतात कारण मी पुढे चालते. त्यांना हे कळलं की मी 'बिचारी' झाले. बिचारीच्या मागे कोणी युरोपात येत नाही. कळेल त्या दिवशी ही टूर माझी शेवटची. तोवर तुझं तोंड बंद. तुला जमेल. तुझं तसंही बंदच असतं."

मग त्यांच्या सगळ्या सवयी माझ्यासमोर उलगडत गेल्या. बसमध्ये हजेरी घेताना प्रत्येकानं 'हजर' म्हणून पुढे एक वाक्य बोलायचं, हा त्यांचा नियम होता. लोकांना ती गंमत वाटायची. त्या आवाज ओळखून ठेवत होत्या. रोज सकाळी प्रत्येकानं आपल्या कपड्यांचा रंग जाहीर करायचा, "म्हणजे फोटोत शोभतं का ते ठरवता येतं." त्या रंग पाठ करत होत्या. त्यांच्या हातातल्या काठीला येवल्याच्या विणकराकडून आणलेला पैठणीच्या काठाचा तुकडा बांधलेला असायचा, झेंड्यासारखा. ती काठी झेंडा म्हणून वर असायची त्यापेक्षा जास्त वेळ जमिनीवर टेकलेली असायची.

आमच्यात एक खूण ठरली. मी त्यांच्या अर्धं पाऊल पुढे चालायचं आणि पायरी आली की घसा खाकरायचा. एकदा म्हणजे चढ, दोनदा म्हणजे उतार. दोन दिवसांत सगळ्या टूरनं माझा घसा बसल्याचं जाहीर केलं. काकूंनी, म्हणजे प्रेसवाल्या काकांच्या बायकोनं, मला आलेपाकाची अख्खी पुडी दिली. "किती खोकतेस गं. आणि नेमकी जिन्यातच कशी येते तुला ढास?" काकू हसत म्हणाल्या. काका हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, मान तिरकी करून.

कॅथेड्रल फ्रान्समधलं होतं. टूरचा सगळ्यात मोठा दिवस तो, कारण मॅडम त्याच्याबद्दल गच्चीपासून बोलत होत्या. आणि मनोऱ्यावर जायचं होतं. मनोऱ्याचा जिना दगडी, गोल फिरत जाणारा, एका वेळी एकच माणूस मावेल असा, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. काकूंनी त्या जिन्यासाठी हिवाळ्यापासून रोज सकाळी पांडवलेणी चढून गुडघे तयार केले होते. क्रम मॅडमनी आधीच लावला होता. सर्वांत पुढे मॅडम, त्यांच्या मागे काकू, मग बाकीचे. उतरतानाही मॅडम पुढे, काकू मागे. मी कुठे असेन, हे मी विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "शेवटी. त्या जिन्यात तुझा खोकला वर ऐकू येणार नाही, आणि मला लागणारही नाही. भिंत हाताला असते."

आदल्या रात्री मी नीट झोपले नव्हते. कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर मी खाकरले तेव्हा माझा घसा खरोखरच कोरडा होता.

"बिशपची गादी जिथे असते ते कॅथेड्रल," दारात मॅडम सांगत होत्या. "बाकीची नुसती चर्च. आत गेल्यावर आवाज खाली आणि मान वर."

आत थंडी होती आणि अंधार. बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही क्षण कोणालाच काही दिसत नव्हतं. खांब वर जात होते आणि पार वर कुठेतरी, गच्चीवर आम्ही डोक्यावर धरलेल्या हातांसारखे एकमेकांना टेकत होते. अण्णा "आयला" म्हणाले आणि त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला. मी मागे राहिलेल्यांना आत घेत होते. तोवर मॅडम मधल्या वाटेत पोचल्या होत्या, मोठ्या गोल खिडकीकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून.

"आता माझ्या मागे वर बघा," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. वर लोखंडी परांची बांधलेली होती आणि खिडकीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी कापड ताणलेलं होतं. दुरुस्तीचं काम चालू होतं. खिडकी नव्हतीच.

पायरीसाठी आमच्याकडे खूण होती. याच्यासाठी नव्हती. मी पुढे जायला लागले, पण मध्ये खुर्च्या होत्या, माणसं होती, आणि मॅडमनी सुरुवात केली होती.

"मधोमध वर्तुळ. त्यात आई आणि मूल. त्याच्याभोवती पाकळ्या, प्रत्येक पाकळीत एक माणूस, कोणाच्या हातात पुस्तक, कोणाच्या हातात वाद्य. आतल्या फेरीत निळा जास्त, बाहेर जाता जाता लाल. निळा कसा? पाण्याचा नाही, आपल्या मोरपिसाचाही नाही. शाईची दौत उन्हात धरल्यावर येतो तसा. आणि आता खाली बघा. या वेळेला ऊन त्या काचेतून येतं. तुमच्या पायाशी जांभळे डाग पडलेत बघा."

सगळ्यांनी खाली बघितलं. फरशी राखाडी होती. आमचे बूट होते.

वर कोणीतरी ऑर्गनवर एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवून बघत होतं.

"मॅडम," प्रेसवाले काका म्हणाले. "खिडकी झाकलेली आहे. आणि पायाशी काहीच नाही."

मॅडमची काठीवरची बोटं मला दिसली. ती पांढरी झाली होती. चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही.

"झाकलेली आहे म्हणूनच सांगतेय," त्या म्हणाल्या. "उघडी असती तर तुम्हीच बघितली असती, माझी काय गरज होती? डोळे मिटा सगळ्यांनी. मिटा. आता आणा ते ऊन पायाशी."

आधी काकू हसल्या, मग अण्णा, मग सगळेच. रखवालदारानं ओठांवर बोट ठेवलं. सगळ्यांनी शाळेतल्या मुलांसारखे डोळे मिटले. त्या सगळ्या गर्दीत उघडे डोळे तिघांचेच होते, मॅडमचे, माझे आणि काकांचे. काकांनी मॅडमकडे बघितलं. मग माझ्याकडे.

त्यानंतर काकांनी जे केलं ते फक्त त्यांनाच सुचलं असतं. मनोऱ्याच्या दाराशी आम्ही रांगेत उभे होतो. अण्णांनी उकडतं म्हणून कॅप काढून हातात धरली होती. काकांनी ती हलकेच त्यांच्या हातातून घेतली, आपल्या डोक्यावर चढवली, आणि मॅडमच्या समोर येऊन उभे राहिले. अगदी हातभर अंतरावर. एक शब्द बोलले नाहीत.

मॅडम त्यांच्या खांद्यावरून बघत म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही रांगेत शेवटून दुसरे राहा. मागे भक्कम माणूस लागतो."

"मी इकडं हाय ना मॅडम!" पाठीमागून अण्णा ओरडले. "काकांनी टोपी पळवली माजी!"

लोकांना वाटलं थट्टा चाललीय. काकांनी कॅप काढून अण्णांना दिली, माझ्या दंडाला धरलं आणि मला एका खांबाआड नेलं.

"खरं सांग. दिसतं का त्यांना?"

"तुम्ही मॅडमनाच विचारा ना काका."

"शिक्षिकेला विचारून काय उपयोग? उत्तर त्यांच्याकडे कायम तयार असतं. तू पायऱ्या आल्या की खोकतेस. तुला सर्दी नाही, काही नाही. मी आठवडाभर बघतोय. पोरी, त्या जिन्यात माझी बायको त्यांच्या मागे असणार आहे. पाय चुकला आणि त्या मागे कोसळल्या, तर हिच्यावर. उतरताना त्या अडखळल्या, की ही त्यांच्यावर. आणि त्या दगडात हात धरायला दोरी सोडून काही नाही. मला फक्त हो किंवा नाही सांग."

दाराशी असलेल्या माणसानं आडवी लावलेली दोरी उघडली. रांग हलली. काकूंनी पदर खोचला होता आणि त्या मॅडमच्या मागे जाऊन उभ्याही राहिल्या होत्या, लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसावं तशा खुशीत. मॅडमनी दोरीपलीकडची पहिली पायरी पायानं चाचपली. पाऊल पायरीच्या झिजलेल्या खळग्यात गेलं, किंचित सरकलं आणि थांबलं.

"काकूंना त्यांच्या मागे पाठवू नका," मी म्हणाले.

मी हळूच म्हणाले होते. पण दगडात आवाज फिरतो. मी वर बघितलं. मॅडमचं तोंड भलतीकडे होतं, बाजूच्या मेणबत्त्यांकडे. म्हणजे त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मॅडमनी पाय मागे घेतला. त्या दोरीच्या अलीकडे आल्या, काठी दोन्ही हातांनी समोर टेकली आणि वर्गात सूचना देतात तशा आवाजात म्हणाल्या, "सगळे जवळ या. एक सूचना आहे. मला मधलं दिसत नाही. कडेचं थोडं दिसतं. या टूरमध्ये तुमच्यापैकी एकाचाही चेहरा मी बघितलेला नाही. तुमचे रंग बघितले आणि आवाज ऐकले. ज्याला राग आला असेल त्यानं आत्ता तोंडावर बोलावं. बसमध्ये मागच्या सीटवर बसून बोलू नये."

"ही फसवणूक आहे," काका म्हणाले. "तुम्ही आत्ता चढणार होतात. माझ्या बायकोला मागे घेऊन."

"चढणार होते," मॅडम म्हणाल्या. "ते चूक होतं."

या उत्तराची काकांनी तयारी केलेली नव्हती.

"आमाला काय फरक नाय पडत," अण्णा मध्येच म्हणाले. "म्हशीमागं चालताना आमी काय तिचे डोळे तपासतो का?"

"अण्णा, मला म्हैस म्हणालात?"

"नाय नाय मॅडम, लय चुकलं, तसं नाय!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. रखवालदार या वेळी चालत जवळ आला आणि त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मी त्याला इंग्रजीत सॉरी म्हटलं. तेवढ्यात काकू पुढे झाल्या.

"तुमचं भांडण जेवताना करा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आठवडाभर मी यांच्या मागे चालले, पडले का? पांडवलेणी मी काय हौस म्हणून चढले? मला वर जायचंय. कोणाच्या मागे ते पटकन ठरवा, तो माणूस दोरी लावतोय."

"तिच्या मागे," मॅडम म्हणाल्या, आणि काठी त्यांनी माझ्या दिशेनं पुढे केली. मी ती घेतली. "मी खाली बसते. जा. पायरीच्या भिंतीकडच्या कडेला पाय टाका, मध्ये टाकू नका. मध्ये झिजलंय."

मॅडमची ती शेवटची टूर. नाशकाला परतल्यावर त्यांनी ऑफिसची पाटी उतरवून घेतली आणि मला मुंबईच्या एका कंपनीचा पत्ता दिला. कोणी आग्रह केला, कोणी रडलं, त्यांनी ऐकलं नाही. प्रेसवाल्या काकांनी आग्रह केला नाही की माफीही मागितली नाही. आणि काकांचं त्या दिवशी चुकलं, असं मॅडमच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्यांच्या दृष्टीनं काकांनी त्यांचं काम चोख केलं होतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही मनोऱ्यावरून उतरलो तेव्हा मॅडम एका खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर. काठी नसल्यामुळे त्यांना हातांचं काय करावं हे कळत नसावं. लोक त्यांच्याभोवती जमले, पण जरा अंतर ठेवून. कोणाला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"काय बघितलंत?" मॅडमनी विचारलं.

"मस्त," कोणीतरी म्हणालं.

"लय भारी," अण्णा.

"फार सुंदर होतं हो," काकू म्हणाल्या. त्या घामानं भिजल्या होत्या आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता.

"सुंदर म्हणजे काय?" मॅडमचा आवाज चढला. "उत्तरपत्रिकेत सुंदर लिहिलं तर शून्य मिळतं. मस्त, भारी, सुंदर. एवढं वर चढून एवढंच आणलंत?"

मला वाटलं, आता त्या रडतील. मला त्यांच्याकडे बघवेना.

"पावसाचं पाणी तोंडातून सोडणारा एक राक्षस आहे वर," प्रेसवाले काका म्हणाले. ते सगळ्यांच्या मागे उभे होते. "दगडाचा. मान बाहेर काढून बसलाय. त्याचा डावा कान फुटलेला होता, नवीन बसवलाय. नवा दगड पिवळसर आहे, जुना काळपट. सांधा चांगला घातलाय, पण दिसतो."

मॅडमनी मान हलवली नाही. "पुढे?"

काका पुढे आले. शेजारच्या खुर्चीवर टेकले. "छताला शिशाचे पत्रे आहेत. राखाडी, पण एकसारखे नाहीत. पाऊस जिथून ओघळतो तिथे पांढरे पट्टे आहेत. दक्षिणेला बाजार. तंबूंची कापडं हिरवी-पांढरी, एक सोडून सगळी. ते एक लाल आहे, कुणीतरी नियम मोडलेला दिसतो. पश्चिमेला आपली बस. आपल्या बसच्या टपावर कबुतराची घाण आहे."

"पूर्वेला?"

"शाळा असावी. अंगणात पोरं रांगेत. एक पोरगं रांगेच्या बाहेर."

"उत्तरेला?"

"उत्तरेला गेलोच नाही. वळायच्या आधी हिला गरगरलं, मी हिला धरून परत फिरलो."

"म्हणजे तीनच बाजू," मॅडम म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. एखादं पान गहाळ असावं आणि त्याची नोंद व्हावी, एवढंच त्यात होतं.

काका उठले. मग त्यांनी स्वेटर काढला, घडी केली आणि काकूंच्या हातात दिला.

"अहो, कुठे? बस उभी आहे! गुडघ्यांचं काय?"

"गुडघे तुझे दुखतात."

दाराशी असलेल्या माणसानं डोकं हलवलं. आता कोणाला सोडत नाही, असं त्यानं हातानं सांगितलं. काका काही बोलू शकत नव्हते, त्यांना त्याची भाषा येत नव्हती, इंग्रजीही बेताचंच. मी काठी खुर्चीला टेकवली आणि गेले. मी त्या माणसाला म्हटलं, या गृहस्थांची एक बाजू राहिलीय, त्यांना पुन्हा वर जायला हवं. मोठ्यानं म्हणाले असणार, कारण रखवालदारानं मागे वळून बघितलं. तो माणूस म्हणाला, इतकी काय गरज आहे? मी म्हटलं, आमच्या टीचरनी विचारलंय.

त्यानं मॅडमकडे बघितलं, मग काकांकडे, आणि दोरी काढली.

काका पहिल्या पायरीवर पोचून थांबले. "मॅडम," तिथूनच त्यांनी विचारलं, "उत्तरेला नेमकं काय बघायचं?"

"जे असेल ते," मॅडम म्हणाल्या. "आम्ही थांबतो."